सागवानाच्या पेटीतला मॉनिटर

कंपनी वॉरंटी कशासाठी देते असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, पुढे 'नाही' म्हणायला जागा राहावी म्हणून देते. माझी सगळी नोकरी कंपनीच्या 'नाही'त आणि गिऱ्हाइकाच्या शिव्यांत गेली, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

चंद्रपुरात आधी मी रेडिओ दुरुस्त करायचो. टीव्ही आले तसा टीव्हीकडे वळलो. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या दुकानाच्या मालकांनी एका कंपनीच्या कॉम्प्युटरची एजन्सी घेतली आणि मला नागपूरला शिकायला धाडलं. परत आलो तो 'सर्व्हिस इंजिनियर' होऊन. पगार जुनाच, बॅग तेवढी नवी. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे माझ्या वाट्याला आले. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात एसटीची खिडकी, मांडीवर बॅग आणि दोन्ही बाजूंना जंगल.

गिऱ्हाइकं एकाहून एक. भद्रावतीकडच्या एका कचेरीतून सारखी तक्रार यायची की मॉनिटर तापून बंद पडतो. जाऊन पाहिलं तर हेडक्लार्कच्या पत्नीनं कोळशाची धूळ बसू नये म्हणून त्याला लोकरीचा स्वेटर विणून घातलेला. पुढून बटणंही होती. मी तो उतरवायला सांगितला, तर हेडक्लार्क म्हणाले, "थंडीपुरता तरी राहू द्या ना." अशा लोकांवर रागावता येत नाही.

आता थोडं धंद्यातलं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळचा मॉनिटर म्हणजे आत काचेची मोठी नळी बसवलेला, भरल्या घागरीसारखा जड डबा. पडदा काळा, अक्षरं हिरवी. मागच्या एका स्क्रूवर कंपनीचं कागदी सील चिकटवलेलं असे. ते फाटलं की वॉरंटी बुडाली, कारण आत कुणीतरी परक्यानं हात घातला असं कंपनी धरायची. बिघडलेला माल कंपनीच्याच खोक्यातून, त्याच थर्माकोलसकट परत आणायचा. आणि बिघाड वापरणाऱ्याच्या चुकीनं झाला असेल, तर काहीच मिळायचं नाही. चूक कुणाची, हे ठरवणार कंपनीचा इंजिनियर. तो महिन्यातून एकदा नागपूरहून आमच्या दुकानात येई आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. सील तोडायचा अधिकार मलासुद्धा नव्हता. पेशंटला हात न लावता औषध सांगणाऱ्या डॉक्टरसारखी माझी गत होती.

गडचिरोलीतल्या एका सरकारी कार्यालयात आम्ही कॉम्प्युटर बसवला होता. कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथे लता खोब्रागडे नावाची मुलगी ऑपरेटर होती. वडील जवळच्या खेड्यात धानाची शेती करायचे. ती टायपिंगच्या परीक्षा पास झालेली, कॉम्प्युटर नागपूरला राहून शिकलेली. बोलणं मोजकं, काम चोख. वर्षाच्या करारावर होती आणि एप्रिलपासून करार पुढे चालू व्हायचा होता.

मार्चअखेरीला तिथून दुकानात फोन आला, "मशीन मेलं." मी गेलो. कॉम्प्युटर ठणठणीत होता, गेला होता मॉनिटर. काळ्या पडद्याच्या मधोमध एकच आडवी हिरवी रेघ. सगळी अक्षरं चेपून त्या रेघेत गेलेली. टीव्हीच्या दिवसांपासून हा बिघाड माझ्या ओळखीचा होता. चित्र वर-खाली पसरवणारा आतला भाग बंद पडला की असं होतं. बटण दाबून होत नाही.

पण तिथल्या साहेबांनी निकाल आधीच लावला होता. साहेब बाहेरगावचे, बदलीनं आलेले आणि ह्या बदलीवर मनातून चिडलेले. माझ्यादेखत त्यांनी लताला विचारलं, "काय दाबलंस?"

"काई नाई दाबलं साहेब. रोजच्यासारखं काम करून राह्यली होती."

साहेब माझ्याकडे वळले. दारात सगळा स्टाफ उभा होता. "रोवणी करणाऱ्या हातांत मशीन दिलं की दुसरं काय होणार? तरी मी वर कळवलं होतं, माणूस बघून द्या म्हणून."

रोवणी म्हणजे आमच्याकडे धानाची लावणी. पण साहेब शेतीबद्दल बोलत नव्हते. खोब्रागडे हे आडनाव ऐकून लोकांच्या मनात कोणती जात येते, ते त्या दारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. लतानं आपले हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले. मी म्हटलं, "साहेब, हा बिघाड हातांनी होत नाही. मशीनचाच दोष आहे."

"तसं तुमच्या कंपनीनं लिहून दिलं तर बघू," साहेब म्हणाले. "नाही दिलं, तर एप्रिलपासून हिनं घरी बसावं."

वॉरंटी मार्चबरोबर संपत होती. कंपनीचा इंजिनियर तीस तारखेला चंद्रपुरात येणार होता, म्हणजे हातात ती एकच संधी. मी खोकं मागितलं. तेव्हा कळलं की थर्माकोलचं गणपतीत मखर झालं होतं. आमच्या भागात तेव्हा थर्माकोल म्हणजे नवलाई, तो कोण अडगळीत टाकणार? आणि पुठ्ठ्याचं खोकं शिपायानं घरी नेऊन त्यात मोहफुलं भरली होती. ओल्या फुलांनी त्याचा तळ कुजून गेला होता.

साहेब म्हणाले, "त्यात काय, पेटी करून घेऊ." आणि केलीच. गडचिरोलीत धड पुठ्ठ्याचं खोकं मिळायची मारामार, पण सागवान म्हणाल तर हात लांबवला की मिळे. सुतारानं एका दिवसात कडीकोयंड्यासकट पेटी ठोकली. रंधा मारून अशी तुळतुळीत केली, की मुलीच्या लग्नात द्यावी. आत धानाचं तणस, म्हणजे पेंढा, भरून मॉनिटर ठेवला. ती फळी कुठून आली हे सुताराला कुणी विचारलं नाही. मीही नाही. मॉनिटर शाबूत पोचतो की नाही, एवढीच मला काळजी होती.

निघताना साहेबांनी फर्मान सोडलं, "हिलाही न्या. काय दाबलं ते कंपनीलाच सांगू दे."

एसटीत ड्रायव्हरमागच्या जागेत पेटी ठेवली. लता शेजारी बसली, एक हात पेटीवर ठेवून. वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर तिनं विचारलं,

"भाऊ, कंपनीनं नाई म्हटलं तं?"

"नाई म्हननार नाई."

"तुमाले कसं माहीत?"

"माहीत नाई," मी म्हटलं. खोटं बोलायला जीभ वळली नाही.

मूल गावाच्या अलीकडे वनखात्याचा नाका होता. एसटी तिथे थांबायची, नाकेदार चढून एक नजर टाकायचा, उतरायचा. त्या दिवशी मडावी नावाचे नाकेदार होते. वय झालेलं, मिशा पांढऱ्या, खाकी शर्ट धुऊन धुऊन विटलेला, त्यावर नावाची पट्टी. ते पेटीपाशी थांबले. बोटांनी टकटक केलं आणि वाकून वास घेतला.

"ताजं सागवान. कोनाची पेटी?"

"माझी. म्हणजे सरकारी," मी म्हटलं.

"टीपी दाखवा."

टीपी म्हणजे लाकूड नेण्याचा परवाना. मी म्हटलं, "भाऊ, लाकूड नाई नेऊन राह्यलो. आत मशीन हाय. हे नुसतं खोकं."

"खोकं लाकडाचं हाय ना? अन् सरकारचं हाय तं हातोडा कुठी हाय?"

जंगलातून कायदेशीर निघालेल्या प्रत्येक लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा मारतात. ठसा नसेल तर ते लाकूड चोरीचं, मग ते राजाच्या पलंगाचं का असेना. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत. मला माहीत होतं, सुताराला माहीत होतं, आणि तरीही आम्ही बिनहातोड्याची पेटी घेऊन नाक्यावरून चाललो होतो. मशीनच्या नादात अक्कल गहाण पडते ती अशी.

मी साहेबांचं नाव आणि हुद्दा सांगितला. ते चुकलंच. मडावींचा चेहरा आणखी ताठ झाला. "त्यायचं नाव लाकडावर उमटलं हाय का? उतरवा पेटी."

कंडक्टर घंटी मारायला उतावीळ झाला होता. पेटी उतरली, आम्ही उतरलो आणि एसटी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. ऊन मी म्हणत होतं. इंजिनियरची गाडी संध्याकाळची, आणि पुढची एसटी कधी येईल ते देवालाच ठाऊक.

मडावींनी पेटी उघडली, तणस बाजूला केलं आणि मॉनिटरवर टिचकी मारली. "हेबी उघडा."

"हे उघडता येत नाई भाऊ."

"काऊन नाई येत? स्क्रू तं दिसते."

त्यांना दोष देत नाही. मागे एकदा हार्मोनियमच्या पेटीतून बिबट्याचं कातडं निघालं होतं. ह्यांनी वरवर बघून सोडलं आणि पुढच्या नाक्यावर ते सापडलं. मेमो ह्यांना मिळाला. "आता मी वरून पाहून सोडत नसतो," ते म्हणाले आणि नाक्याच्या खोलीतून स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आले.

मी समजावायला लागलो. वॉरंटी सांगितली, कंपनी सांगितली, अटी सांगितल्या. ते ऐकत होते, पण पेचकसाचं टोक त्या कागदी सीलच्या दिशेनंच चाललं होतं. एकदा ते फाटलं की मी, कंपनी आणि ब्रह्मदेव, कुणालाच काही करता येणार नव्हतं. हात धरावा, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचं लफडं.

लता पुढे झाली आणि तिनं सीलवर तळहात ठेवला. पेचकसाचं टोक तिच्या बोटांपाशी थांबलं.

"मडावीभाऊ, एक इचारू?" ती म्हणाली. "लाकडावरचा हातोडा कोनी खोडला तं तुमी का म्हनता?"

"चोरीचा माल म्हनतो. दुसरं का म्हनन?"

"मंग हा कंपनीचा हातोडा हाय. कागदाचा हाय, पन हातोडाच हाय. हा फाटला का हा माल चोरीचा झाला. अन् चोर मी. साहेब तेच म्हनून राह्यले, का मीच बिघडवला. पेटी तुमी ठेवा, केस करा, माहं नाव लिहा. पन हा हातोडा नका खोडू."

मडावींनी पेचकस मागे घेतला. खाली बसून ते सील डोळ्यांजवळून बघत राहिले. मी मघापासून कंपनी कंपनी करत होतो, त्याचा उपयोग शून्य झाला होता. हे मात्र त्यांना पटलं, कारण ते जन्मभर हेच करत आले होते.

"पोरी, हात काढ," ते म्हणाले. "नाई खोडत."

पेटी त्यांनी सोडली नाही, ती जप्तच केली. पण खोलीतून बांबूचा टोपला आणला, त्यात तेच तणस पसरलं आणि मॉनिटर स्वतः उचलून ठेवला. तेवढ्यात बांबूनं भरलेला ट्रक नाक्यावर आला. त्याचे कागद बघून मडावी ड्रायव्हरला म्हणाले, "ह्यायले चंद्रपुरात दुकानापर्यंत सोड. अन् गड्ड्यातून हळू." नाकेदाराचा शब्द ट्रकवाला मोडत नाही. टोपला आळीपाळीनं मांडीवर घेत आम्ही निघालो. दर खड्ड्याला टोपला मांडीवरून उचलून धरायचो. मॉनिटरच्या नळीत हवा नसते, फुटली तर बॉम्बसारखी फुटते. हे मी लताला सांगितलं नाही.

दुकानात पोचलो तेव्हा इंजिनियर बॅगेची चेन लावत होते. टोपला बघून म्हणाले, "हे काय, वांगी आणलीत?"

मी सगळं सांगितलं. ते हसले. मग म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पण मूळ पॅकिंग नाही. बिघाड आधीचा की ट्रकमधला, मी कसं सांगणार?"

"सील बघा, काच बघा, लावून बघा," मी म्हटलं. "ट्रकमध्ये आपटला असता तर काच गेली असती. रेघ राहिली नसती."

त्यांनी घड्याळात पाहिलं, सुस्कारा टाकला आणि मॉनिटर जोडायला सांगितला. रेघ आली. मग त्यांनी लताकडे पाहिलं. "काही सांडलं होतं? पडला होता? राग येऊन थापटबिपट मारली?"

"घरची म्हैसबी मारत नाई मी साहेब," लता म्हणाली.

इंजिनियरनी सील तोडलं. त्या कागदासाठी दिवसभर जीव टांगणीला लागला होता, आणि त्यांनी ते एका नखानं काढलं. मागचं झाकण काढून बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. आतल्या सर्किटच्या पट्टीवर एका भागाच्या पायाला सोल्डर, म्हणजे जोड धरून ठेवणारा धातूचा डाग, नीट लागलंच नव्हतं. कारखान्यातच राहून गेलेलं. वर्षभर तो पाय नुसता टेकून होता, तापून तापून सुटला. लताला मी म्हटलं, "मशीनचाच दोष निघाला." तिनं डोळे मिटून घेतले.

पण इंजिनियर म्हणाले, "सोल्डरिंग गन आणा. एक थेंब टाकला की चालू होईल. बदलायची काही गरज नाही."

खरंच होतं ते. माझा हात सवयीनं गनकडे गेलासुद्धा. मेकॅनिकला चालू झालेलं मशीन दिसलं की बाकी काही दिसत नाही.

"नको," लता म्हणाली. "डाग मारून नेला तं आमचे साहेब म्हनतीन, ह्यायनं मिळून झाकलं. चालूच होता, हिनंच बिघडवला, मेकॅनिकनं नीट केला. मले चालू नाई पाह्यजे. बदलून पाह्यजे. अन् काऊन बदलला ते लिहून पाह्यजे."

"अहो, एका सोल्डरसाठी अख्खा मॉनिटर? वर मी काय उत्तर देऊ?"

मी गन खाली ठेवली. आमच्या काउंटरच्या काचेखाली कंपनीच्या अटींचा कागद असायचा. तो काढला. "साहेब, इतकी वर्षं ह्या अटी मी लोकांना वाचून दाखवत आलो. सील फाटलं म्हणून, खोकं नाही म्हणून, किती जणांना परत पाठवलं. आज तुम्हाला वाचून दाखवतो." आणि मोठ्यानं वाचलं, निर्मितीत दोष आढळल्यास कंपनी माल विनामूल्य बदलून देईल. "इथे सोल्डरचा थेंब कुठे लिहिलाय, ते दाखवा."

मालक कधी अशा भानगडीत पडत नसत. पण त्या दिवशी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "द्या ना साहेब. आपल्याकडे एक नवा पडून आहे." इंजिनियरनी माझ्याकडे रोखून पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि लिहून दिलं. त्यांची गाडी चुकली नाही, हेही सांगायला हवं.

लता चंद्रपुरात मावशीकडे राहिली. सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही नवा मॉनिटर, ह्या वेळी खोक्यासकट, गडचिरोलीला नेला. एकतीस तारीख. मार्चची पगारपत्रकं त्याच दिवशी कोषागारात जायला हवी होती आणि ती सगळी कॉम्प्युटरमध्ये अडकलेली. स्टाफ आमची वाटच बघत होता. मी जोडाजोड केली. साहेबांनी कंपनीचा कागद वाचला, घडी घालून फायलीत सरकवला आणि म्हणाले, "चला, झालं एकदाचं. कामाला लागा."

लता खुर्चीत बसली. बटणाला मात्र तिनं हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर.

"साहेब, त्या दिवशी सगळे होते," ती म्हणाली. "आजबी सगळे हायेत. कागदात का लिहिलं ते सांगा ना सगळ्यायले."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. पण वेळ जात होता. ते भराभर म्हणाले, "मॉनिटर कारखान्यातूनच खराब आला होता. यांची चूक नव्हती. बस?"

"हातायचंबी बोलले होते साहेब."

मला वाटलं, पोरगी आता हातातोंडाशी आलेलं घालवते. कराराचा कागद अजून साहेबांच्या सहीवाचून पडला होता, हे तिलाही माहीत होतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिनं बघितलंच नाही. पाठ ताठ, नजर बंद पडद्यावर. साहेब फायलीची नाडी बांधू लागले. मग तिथले हेडक्लार्क, जे त्या दिवशी दारात मान खाली घालून उभे होते, हळूच म्हणाले, "साहेब, कोषागार बंद होईल." मागून आणखी कुणीतरी म्हणालं, "बोलून टाका साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी त्या दिवशी यांच्या हातांबद्दल जे बोललो," ते म्हणाले, "ते बोलायला नको होतं. चुकीचं होतं."

लतानं मान हलवली आणि बटण दाबलं. ते मॉनिटर उजळायला वेळ घ्यायचे. आम्ही सगळे बघत होतो. हळूहळू काळ्यातून हिरवी अक्षरं वर आली, पडदाभर. तिनं पगारपत्रक काढलं. पहिलं नाव साहेबांचं होतं. तिनं ते तपासलं, रक्कम तपासली आणि एकही चूक न करता पुढच्या नावावर गेली.